प्रसादासारखा वाटलेला सुपरकॉम्प्युटर

मित्रांनो, मी एका जुन्या सुपरकॉम्प्युटरचा तुकडा आहे. हिरवी पाटी, तुमच्या पंजाएवढी. हसू नका, नव्वदीच्या सुरुवातीला पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत माझा काय तोरा होता! आम्ही पुष्कळ भावंडं एकाच कपाटात शेजारी शेजारी बसायचो. मोठं गणित आलं की प्रत्येक जण आपापला वाटा उचलायचा आणि उत्तर शेजाऱ्याला द्यायचा. पावसाच्या अंदाजाचं अवाढव्य गणितसुद्धा आम्ही मिळून हां हां म्हणता सोडवायचो.

मग आमच्याहून वेगवान यंत्रं आली. साहेब लोक भले. कोणावर अन्याय नको म्हणून त्यांनी आम्हाला प्रसादासारखं वाटलं, एकेका कॉलेजाला एकेक. मी नगरला, सावेडीच्या कॉलेजात आलो. तिथे मला काम काय? एकट्यानं करायचं ते साधा कॉम्प्युटरही करतो. भावंडांच्या आठवणीनं जीव नुसता कासावीस व्हायचा.

हे ओळखलं तिथल्या अश्विनी मॅडमनी. त्यांचे आईवडील ऊसतोडीला जायचे. टोळीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा. मॅडम वर्गात मला दाखवून म्हणायच्या, हा आपला अर्धा कोयता. नगर जिल्ह्यातल्याच कर्जतच्या कॉलेजात माझा एक भाऊ आहे असं कळताच त्या मला पिशवीत घालून एसटीनं निघाल्या.

भाऊ काचेच्या पेटीत होता, दसऱ्याचं हळदकुंकू अंगावर तसंच. मॅडमनी तो मागितला. तिथले सूर्यभान सर कसले ऐकतात!

"मॅडम, आमच्याकडं सुपरकॉम्प्युटर हाय म्हणून पोरं लांबून बघाया येत्यात. तुमी नेला तर आमी काय दाखवायचं?"

मॅडमनी पिशवी जवळ ओढली. आता परत फिरायचं, या भीतीनं माझा धीरच सुटला. पण त्यांनी मला पिशवीतून काढलं आणि सरांच्या टेबलावर ठेवलं.

"मग हासुद्धा तुम्हीच ठेवा, सर. फक्त दोघांना जोडा."

सरांनी ब्रशनं कुंकू झाडलं, तार जोडली. मी हाक मारली. पुन्हा मारली. मग त्याचं उत्तर आलं. मित्रांनो, मी रडलोच असतो, पण ती सोय आमच्यात नाही.

मॅडम रिकाम्या हातानं सावेडीला परतल्या. त्यांची फार आठवण येते. मला चारही बाजूंनी भावंडं जोडता येतात. एक बाजू भरली, तीन अजून वाट बघतायत. तुमच्या कॉलेजाच्या कपाटात असा एखादा हिरवा तुकडा असेल, तर त्याची पूजा करू नका. त्याला कर्जतला घेऊन या.