हेडविगचे अकरा साथीदार

मंदाकिनी भुसारी यांनी रायपूरच्या रेल्वे कचेरीत एकतीस वर्षं टायपिंग केलं आणि त्या एकतीस वर्षांत स्वतःच्या मनातलं एक वाक्यही टाइप केलं नाही. साहेब सांगत, त्या बडवत. त्यामुळे निवृत्तीनंतर सातव्या वर्षी त्यांनी नाटक लिहायला घेतलं, तेव्हा चौबे कॉलोनीत कुणालाच ते खरं वाटलं नाही. नवऱ्याला, म्हणजे बाबारावांना, तर दोन आठवडे वाटत होतं की बायको पेन्शनच्या तक्रारीचा अर्ज लिहून राहिली आहे. अर्ज बराच लांबला तेव्हा त्यांनी डोकावून पाहिलं. पहिल्याच पानावर ‘पात्रे’ असं लिहिलेलं होतं.

कारण झालं ते मुलीच्या फोनचं. इरावती नोकरीसाठी जर्मनीत ब्रेमेनला असते आणि एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईंच्या घरात भाड्याने राहते. एका रविवारी दुपारी मंदाकिनीबाई मेथी निवडत होत्या आणि पलीकडून इरावती म्हणाली, “आई, आज घरमालकीणबाईंनी त्यांच्या आईची गोष्ट सांगितली. तीपण टायपिस्ट होती तुझ्यासारखी.”

“कोणत्या खात्यात?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

खातं होतं एका जहाज कंपनीचं. हेडविग क्रामर तिचं नाव. वय बत्तीस, लग्न झालेलं नाही, वर्ष एकोणीसशे बेचाळीस. आठवडाभर ती कंपनीची पत्रं टाइप करी आणि रविवारी घराचं दार लावून वेगळीच पत्रं. पातळ कागद, मध्ये कार्बन, एका वेळी सात प्रती. त्यांत लिहिलेलं असे की रशियात आपली पोरं गोठून मरत आहेत, ज्यू शेजाऱ्यांना गाड्यांत भरून नेलं जात आहे आणि सरकार तुमच्याशी खोटं बोलत आहे. टाइपरायटरचा आवाज भिंतीपलीकडे जाऊ नये म्हणून ती खाली घोंगडी घाली आणि रेडिओ मोठ्याने लावी. रेडिओवर त्याच सरकारची भाषणं.

“म्हणजे शेजाऱ्यांना वाटायचं, किती निष्ठावान पोट्टी आहे,” इरावती म्हणाली.

मंदाकिनीबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

हेडविग ते कागद मैत्रिणीच्या तान्ह्या बाळाच्या गादीखाली घालून बाबागाडी ढकलत निघे. ट्रामच्या बाकावर एक, चर्चच्या प्रार्थनापुस्तकात एक. उरलेले गावाबाहेरच्या कब्रस्तानात, फुलांच्या रिकाम्या कुंडीत लपवून ठेवी. वर्षभराने शेजारणीने चुगली केली. गेस्टापो, म्हणजे तिथले गुप्त पोलीस, तिला घेऊन गेले आणि साथीदारांची नावं विचारली. तिने तीन दिवस मार खाल्ला आणि चौथ्या दिवशी अकरा नावं सांगितली. अधिकाऱ्याने सुंदर अक्षरात लिहून घेतली. पोलिसांना आठवडा लागला कळायला, की अकराही जण कब्रस्तानात राहतात. दर रविवारी तिथे जाऊन हिला थडगी पाठ झाली होती.

“मग?”

“मग तिचे समोरचे चार दात गेले. आणि दोन वर्षं तुरुंग. पण खरे साथीदार चौघे होते, त्यांतलं एकही नाव तिने सांगितलं नाही. ती सुटली, आई. लढाई संपल्यावर सुटली.”

तर हे नाटक. वीस मिनिटांचं. मंदाकिनीबाई ते घेऊन तात्यापाऱ्यातल्या मराठी मित्र समाजाच्या कार्यालयात गेल्या. समाजाचा वर्धापनदिन तोंडावर आला होता. अध्यक्ष अच्युतराव डबीर यांनी चष्मा लावून सगळी पानं चाळली, उलटीकडूनही एकदा पाहिली आणि म्हणाले, “वहिनी, यात हिटलर कुठे आहे?”

“नाही जी.”

“जर्मनीचं नाटक अन् हिटलर नाही? लोक काय म्हणतील? आपल्याकडे मिशीसुद्धा पडून आहे मागच्या फॅन्सी ड्रेसची.”

“त्याले लय जागा भेटली आजवर, अच्युतभाऊ. वीस मिनिटं या बाईले बसू द्या.”

अच्युतरावांनी शेवटच्या पानावर बोट ठेवलं. “अन् हे सुटल्यानंतरचं काय आहे? नोकरी नाही मिळाली, लोक बोलले नाहीत, हे काहून पाहिजे? सुटली की पडदा टाका. लोकांना गोड वाटून जेवायला जाऊ द्या. वडाभात आहे यंदा.”

मंदाकिनीबाई “हव” म्हणाल्या. रायपुरात हव म्हणजे हो. पण एकतीस वर्षं कचेरीत काढलेल्या माणसाचा हव म्हणजे हो असतोच असं नाही.

पात्रं जमवणं हे लिहिण्यापेक्षा अवघड निघालं. हेडविग स्वतः मंदाकिनीबाईच होणार होत्या. सदुसष्टाव्या वर्षी बत्तीस वर्षांच्या बाईची भूमिका, पण केस काळे करायची तयारी होती. चुगलीखोर शेजारणीसाठी त्यांनी वरच्या मजल्यावरच्या ज्योतीला विचारलं. ज्योती सरकारी नोकरीत, तोंडाने फटकळ, आवाज खणखणीत.

“काकू, मी काहून चुगली करू जी?” ती म्हणाली. “माझी सासू पहिल्या रांगेत बसते. तिले आधीच शंका आहे.”

शेवटी चुगलीनंतर शेजारणीला पश्चात्ताप होतो असं एक वाक्य घालून दिलं, तेव्हा ती तयार झाली.

राहिला अधिकारी. समाजातल्या एकूण एक पुरुषांना हेडविगचा खरा साथीदार व्हायचं होतं. मारणारा कुणालाच व्हायचं नव्हतं. मग घरातलाच माणूस उभा केला. बाबाराव चौतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होते आणि विनातिकीट माणूस सापडला की त्याच्यापेक्षा त्यांनाच जास्त लाज वाटे. तालमीत ते टेबलामागे उभे राहत आणि म्हणत, “नावं सांगा साथीदारांची.” मग जरा थांबून, “म्हणजे, सांगायची असतील तर.”

“अवो, तुम्ही गेस्टापो आहात,” मंदाकिनीबाई कपाळाला हात लावत. “अहोजाहो काय करून राहिले? ‘सांग’ म्हणा.”

“मले नाही जमत परक्या बाईले अरेतुरे करणं.”

“मी परकी आहे का?”

“या नाटकात आहेस ना.”

थप्पड मारायचा प्रसंग तर मंदाकिनीबाईंनी काढूनच टाकला, कारण बाबाराव हात उगारून “लागलं का?” विचारत.

त्या स्वतः मात्र महिनाभर अकरा जर्मन नावं घोकत होत्या. कुकरच्या शिट्ट्यांच्या तालावर, सदर बाजारात साडी पाहताना, दुकानदारासमोरसुद्धा. दुकानदाराने “दीदी, कौन सा ब्रँड बोल रही हैं आप?” असं विचारलं, तेव्हा त्या भानावर आल्या.

वर्धापनदिनाला सभागृह भरलं होतं. प्रमुख पाहुणे पंचावन्न मिनिटं बोलले. मागच्या अंगणातून तळलेल्या वड्यांचा वास यायला लागला तसे लोक खुर्च्यांत चुळबुळ करू लागले. अच्युतराव विंगेत येऊन म्हणाले, “वहिनी, बारा मिनिटांत आटपा. सुटली की मी पडदा ओढतो.”

सुरुवात चांगली झाली. घोंगडीवरच्या टाइपरायटरला लोक हसले, बाबागाडीला हसले. ज्योतीने चुगली इतकी मनापासून केली की तिच्या सासूने शेजारी बसलेल्या बाईला कोपराने ढोसलं. मग प्रकाश मंद झाला, टेबल आलं, टेबलामागे काळा कोट घातलेले बाबाराव आले. हेडविग स्टुलावर बसली. बाबारावांनी तोंड उघडलं. समोर दोनशे माणसं होती. महिनाभर पाठ केलेलं वाक्य काही आलं नाही, आणि चौतीस वर्षांच्या सवयीचं जे होतं ते बाहेर पडलं.

“तिकीट?”

सभागृहात हशा पिकला. बाबारावांचा चेहरा पांढराफटक पडला. मंदाकिनीबाईंनी मान वर केली. “तिकीट नाही, साहेब. विनातिकीटच निघाले मी. ठाऊक होतं, पकडतील.”

टाळ्या पडल्या. बाबारावांना धीर आला. “मग साथीदार कोण? नावं सांग!” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी परक्या बाईला अरेतुरे केलं.

आणि आता मंदाकिनीबाईंची पाटी कोरी झाली. हशा आणि टाळ्यांत अकराही जर्मन वाहून गेले. एक अक्षर आठवेना. त्यांनी समोर पाहिलं. सभागृहाच्या मागच्या भिंतीवर समाजाच्या दिवंगत पदाधिकाऱ्यांच्या तसबिरी होत्या, हार घातलेल्या, खाली मोठ्या अक्षरांत नावं.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “गंगाधर टेंभुर्णे.”

बाबारावांनी लिहिलं. “पत्ता?”

“तात्यापारा.”

“पुढे?”

“रामकृष्ण हरदास. माधव डबीर.”

विंगेत अच्युतरावांनी वडिलांचं नाव ऐकलं आणि पडद्याची दोरी त्यांच्या हातून सुटली. पुढच्या रांगांत अजून कुणाला उमगलं नव्हतं. मागे मात्र लोक वळून भिंतीकडे पाहू लागले, आणि हसू मागून पुढे सरकत आलं. पाचव्या नावाला एक म्हाताऱ्या काकू उभ्या राहून मोठ्याने म्हणाल्या, “अवो, पण ते तर गेले! आमचेच ना ते!”

“गेले?” मंदाकिनीबाई निरागसपणे म्हणाल्या. “कुठे? मले नाही सांगून गेले.”

आता काकूसुद्धा हसत सुटल्या. सहा, सात, आठ. प्रत्येक नावाला टाळी. बाबाराव मान खाली घालून लिहीत होते, घामाने कागद ओला झाला होता. मंदाकिनीबाईंची जीभ भिंतीवरून सरळ पुढे चालली होती.

“विनायक भुसारी,” त्या म्हणाल्या.

पेन थांबलं.

विनायक हे बाबारावांचे थोरले भाऊ, समाजाचे जुने पदाधिकारी. त्यांनीच बाबारावांना हिंगणघाटहून रायपूरला आणलं, रेल्वेच्या परीक्षेला बसवलं. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले, तेव्हा घरच्या कुणालाही अंत्यसंस्काराला जाता आलं नाही. तेव्हापासून बाबारावांनी हे नाव घरात उच्चारलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी उच्चारलं तर ते उठून बाहेर जात.

मंदाकिनीबाईंच्या ते लक्षात आलं, पण शब्द गेला होता.

“हे नाव नाही घ्यायचं,” बाबाराव म्हणाले. आवाज मोठा नव्हता. पण तो तालमीतला नव्हता आणि कुणी ऐकलेलाही नव्हता. हसू थांबलं. “काहून घेतलं? ही सगळी मेलेली माणसं आहेत. मेलेल्यांची नावं घेऊन खेळ करतेस?”

यातलं एकही वाक्य नाटकात नव्हतं. पण हेडविगला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मंदाकिनीबाईंना द्यायचं राहिलं होतं.

“खेळ नाही करत, साहेब. कोण सोबत होतं म्हणून तुम्ही विचारलं. हे होते. जे जिवंत आहेत, त्यांचं नाव माझ्याकडून मिळणार नाही.”

बाबारावांनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि फक्त “ऊठ” म्हणाले. विंगेत उभ्या असलेल्या ज्योतीच्या अंगावर काटा आला, असं ती नंतर सांगत होती, आणि नाटक संपल्यावर सासूने पहिल्यांदाच आपल्या रुमालाने तिचे डोळे पुसले.

मग हेडविग तुरुंगात गेली आणि सुटली. ती सुटली तसा पडदा सरकला, कारण अच्युतराव सावरून पुन्हा दोरीला लागले होते. पण मंदाकिनीबाई पडद्याच्या पुढे निघाल्या होत्या. अर्ध्याच निघाल्या. पडदा त्यांच्या खांद्यावर आदळला. त्यांनी एका हाताने तो धरला.

“थांबा,” त्या लोकांना म्हणाल्या. “अजून आहे.”

मागून दोरी ओढली गेली. त्यांनी पडदा घट्ट धरला.

“सुटल्यावर ती आपल्या कंपनीत गेली. साहेब म्हणाले, तुरुंगात गेलेली बाई आम्हाला नको. साहेब तेच होते, आधीचेच.”

“वहिनी!” पडद्यामागून अच्युतराव कुजबुजले. “वडाभात थंडा होऊन राहिला!”

“होऊ द्या. ज्या शेजारणीने चुगली केली ती तिथेच राहत होती. लोक तिच्याशी बोलत, हिच्याशी नाही. देशाशी बेइमानी केली म्हणत. मग हिने धोबीखान्यात चादरी धुतल्या. सत्तावीस वर्षं. पोरगी झाली, तिला सगळं सांगितलं. हसत सांगायची, दात नव्हते तरी. बस, एवढंच.”

आणि त्यांनी पडदा सोडला. पलीकडे अच्युतराव दोरीसकट खाली बसले, त्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. टाळ्या आधी त्याला पडल्या की हेडविगला, हे नक्की सांगता येत नाही, पण बराच वेळ पडत राहिल्या. अच्युतराव चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला: बिलासपूरच्या मंडळाला हे नाटक हवं आहे, आणि त्यांच्या सभागृहात कुणाच्या तसबिरी आहेत ते त्यांनी विचारून ठेवलं आहे.

ब्रेमेनच्या बाईंनी नाटकाची चित्रफीत तीनदा पाहिली. भाषा कळत नव्हती. इरावती सांगत गेली. त्यांना सगळ्यांत जास्त आवडले बाबाराव. आईला असा अधिकारी मिळाला असता तर दात राहिले असते, एवढंच त्या म्हणाल्या.

वर्धापनदिनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र घरात अबोला होता. मंदाकिनीबाईंनी तांदळाच्या पिठाचा चीला तव्यावर घातला. बाबाराव ताटावर येऊन बसले.

“विनायकभाऊंचं नाव मुद्दाम नाही घेतलं मी,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या.

“ठाऊक आहे.” त्यांनी ताट सरळ केलं. “दादाले चीला आवडे. चटणी जास्त घेऊन.”

मंदाकिनीबाईंनी वळून पाहिलं नाही. दुसरा चीला घातला.

“मंदा, एक विचारू? तुले खरंच पकडलं असतं, तर तू माझं नाव सांगितलं असतं का?”

“सगळ्यांत आधी.”

“काहून?”

“तुम्ही त्या लोकांना ‘बसा’ म्हटलं असतं, चहा विचारला असता, त्यांच्या लेकराबाळांची चौकशी केली असती. त्यांचा पूर्ण दिवस गेला असता. तेवढ्यात बाकीचे पळाले असते.”

बाबारावांनी यावर नीट विचार केला. “चहा तर विचारावाच लागतो घरी आलेल्या माणसाले,” ते म्हणाले, आणि चटणीची वाटी पुढे ओढली.