रावस आला तेव्हा मी गप्प होते

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटी आहे. शाळेची नाही, सायकलचीही नाही. मी जेमतेम आवळ्याएवढी आहे आणि माझ्या पाठीला एक चिमटा आहे. त्या चिमट्याने मला गळाच्या लांब काठीच्या शेंड्यावर बसवतात. दूर पाण्यात माशाने आमिषाला तोंड लावलं की दोरी हलते, काठी हलते आणि मी वाजते. काम एवढंच, पण मी ते जीव ओतून केलं.

एका अरुंद गल्लीतल्या कारखान्यात माझा जन्म झाला. मला घडवणाऱ्या कारागिराने मला कानाशी धरून हलवलं आणि तो हसून म्हणाला, "ही बोलकी निघाली." पुढे मी किनाऱ्याजवळच्या एका दुकानात काचेच्या बरणीत जाऊन पडले. तिथून मला उचललं ते थोरलीने.

थोरली म्हणजे एका घरातली मोठी जाऊ. तिला लहानपणापासून गळाचा नाद. घरकाम उरकलं की बाई वाळूवर हजर. कोणता मासा कसा वाजतो, हे आम्ही दोघी मिळूनच शिकलो. मुडदुशी आली की मी बारीक टिकटिक करते, चिमणीने दाणे टिपावेत तशी. शिंगाळा दणके देतो, उधारी मागायला आल्यासारखा. त्याच्या काट्यांचा दंश वाईट, म्हणून थोरली जाड फडक्याशिवाय त्याला हात लावत नसे. पाकट तळाशी चिकटून बसते, तेव्हा मी एकदाच कण्हते. आणि केंड? तो दोरीच कुरतडतो आणि वर काढला की आपणच रागाने फुगतो. "आला रुसूबाईचा भाऊ!" म्हणत थोरली त्याला पाण्यात सोडून देई.

रावस मात्र तिला कधी लाभला नाही. होडीवाल्यांना तो मिळे. थोरलीला तो वाळूवर उभं राहून हवा होता.

मग तिचे कान गेले. मी वाजायची आणि ती लाटांकडे बघत बसायची. समोर उभं राहून सावकाश बोललं तर ओठांवरून तिला कळे. पण मला कुठले ओठ? शेवटी तिने मला बटणांच्या डब्यात ठेवलं. तिथे मी काळी पडले, अंगावर हिरवट थर चढला. वाजण्यासाठी जन्मलेल्या वस्तूला याहून मोठी शिक्षा नाही.

एके दिवशी तिचा मुलगा तिच्यासमोर बसून म्हणाला, "आई, मागून हाक मारली तरी तुला कळत नाही. लाट काय चिठ्ठी पाठवून येणार आहे? आता समुद्र पुरे."

"मी जाणार," थोरली म्हणाली.

कोपऱ्यात धाकटी जाऊ स्वेटर विणत होती. या दोघींमधून विस्तव जात नसे. तरी तीच बोलली, "मी जाते त्यांच्याबरोबर. घरात बसून तरी मी कोणते दिवे लावतेय?"

मुलाने अट घातली, "काकू, एकदा जरी ही पाण्यात पडली, तरी काठी विकून टाकीन."

धाकटीने मला डब्यातून काढलं आणि लिंबू-मीठ लावून लख्ख घासलं. ठरलं असं, की मी वाजायचं आणि धाकटीने छत्रीच्या टोकाने थोरलीला ढोसायचं. सुरुवातीला ती वाऱ्यालाही ढोसायची. "अगं, माझी बरगडी आहे, ढोलकं नाही!" थोरली ओरडायची.

एका सकाळी मी दोनदा जोरात वाजले आणि एकदम गप्प झाले. मासा निसटला असं समजून धाकटीने पुन्हा सुया हातात घेतल्या. थोडा वेळ गेला आणि काठी वाकली, दोरी तुटली. थोरली दोरीमागे पाण्यात धावली आणि लाटेने तिला आडवी केली. धाकटीने तिला ओढून वर काढलं.

"रावस होता!" भिजलेली थोरली कडाडली. "तो किनाऱ्याकडे पोहत येतो, म्हणून दोरी ढिली पडते. घंटी गप्प झाली हे सांगायचं नाही का?"

धाकटी तिच्यासमोर आली आणि एकेक शब्द तोडत म्हणाली, "जाऊबाई, घरात तुम्ही गप्प झालात की आम्ही सुटकेचा निःश्वास सोडतो. मला काय ठाऊक?"

थोरली खो खो हसली.

घरी मुलगा मात्र हसला नाही. "ठरलं होतं, काकू," तो म्हणाला.

"त्या पडल्या माझ्या चुकीने," धाकटी म्हणाली. "या रविवारी शेवटचं जाऊ दे. पाय भिजले तर काठी मीच विकून येईन."

रविवारी धाकटीने स्वेटर घरीच ठेवला. ती माझ्याकडे टक लावून बसली. भरती चढत होती. मी दोनदा वाजले. मग दोरी ढिली पडली आणि मी थांबले. मित्रांनो, मला ओरडावंसं वाटत होतं, पण दोरी हलल्याशिवाय मला आवाज नाही!

छत्री बसली ती थेट बरगडीत. थोरलीने काठी उचलली आणि या वेळी ती पाण्याकडे गेली नाही. दोरी गुंडाळत ती मागे मागे, कोरड्या वाळूवर सरकू लागली. धाकटी तिच्या कमरेला धरून तिला मागे खेचत होती. दोरी ताणली गेली आणि मी अशी काही वाजले, की किनाऱ्यावरची कुत्री उठून उभी राहिली. एका लाटेबरोबर चंदेरी, हातभर लांब रावस वाळूवर आला.

लांबून बघत उभा असलेला मुलगा धावत आला. धाकटी धापा टाकत म्हणाली, "आधी आईचे पाय बघ. हात लावून बघ. कोरडे ठणठणीत!"

तो खरोखरच खाली वाकला. पायांना नुसती वाळू होती. उठून आईसमोर उभा राहत तो म्हणाला, "बरं. काठी नाही विकत."

"कसली काठी?" थोरली म्हणाली. "मासा उचल. माझी कंबर गेली."

मित्रांनो, घरातल्या कुणाचे कान गेले, डोळे अधू झाले, म्हणून त्याचा नाद डब्यात घालून ठेवू नका. शेजारी जाऊन बसा. भांडत बसलात तरी चालेल. आणि माझ्यासारख्या वस्तू समुद्रावरून आणल्या की गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवा. खारं पाणी पितळेलाही सोडत नाही. माझा चिमटा आता सैल झाला आहे. धाकटीने त्याला दोऱ्याचे घट्ट वेढे दिले आहेत. वारा कितीही सुटो, मी शेंड्यावरून पडणार नाही.