एक पीळ जास्तीचा

रूपरावांनी उभ्या आयुष्यात जीव लावला तो एकाच इंजिनाला, त्यांच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला. अख्खं बीडाचं, ओतीव लोखंडाचं धूड होतं ते. लाथ घातली तरी त्याला काही होत नसे, आणि रूपरावांनी लाथा घातल्याही होत्या. त्याचे बोल्ट आवळायची त्यांची स्वतःची रीत होती. बोल्ट घट्ट बसला की पान्याच्या दांड्यावर पाइपाचा तुकडा चढवायचा, श्वास रोखायचा आणि वर एक पीळ जास्तीचा द्यायचा. बाकीच्यांची इंजिनं गळायची, त्यांचं कधी गळलं नाही. त्यामुळे देवावर नसेल इतका त्यांचा त्या जास्तीच्या पिळावर विश्वास.

पुढे विहिरीवर विजेची मोटर बसली, गुडघ्यांनी दगा दिला आणि शेत मक्त्यानं द्यावं लागलं. घरात बसून भिंतीची राखण करणं काही त्यांना जमेना. म्हणून सकाळी मुलगा कैलास मोटरसायकलला किक मारायचा, तोवर हे मागे बसलेले असायचे, आणि जाम गावच्या चौकातल्या त्याच्या गॅरेजात दिवसभर हातभार लावायचे. हातभार म्हणजे काय, ते कैलासला विचारा. येऊन महिना झाला नाही, तोच त्यांनी दोन गाड्यांचे आटे खाल्ले होते.

"बाबा, हे बीड नोहे," कैलासनं समजावलं होतं. "आताच्या गाड्याइचं इंजिन अॅल्युमिनियमचं राह्यते, आपल्या घरच्या भगोन्यावानी. बोल्ट पोलादी अन् भोक नरम. जास्त पिळलं की भोकातले आटे कापून निघते."

त्यासाठी त्यानं टॉर्क पाना आणला होता. हवा तेवढा जोर त्याच्या आकड्यावर लावून ठेवायचा. तेवढा जोर लागला की पाना टक् वाजतो, आणि आपण थांबायचं. रूपरावांनी त्या पान्याकडे नव्या जावयाकडे पाहावं तसं पाहिलं होतं. आपल्या हाताला एवढं कळतं, मग लोखंडानं काय सांगावं?

दुसऱ्यांदा आटे गेले तेव्हा कैलास ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "आता एकबी बोल्ट गेला, तं मी तुमच्या हाती पाना देनार नाई, बाबा," एवढंच तो म्हणाला. "घरीच राहजा मंग." तेव्हापासून रूपरावांना घरची ती भिंत डोळ्यांसमोर दिसत होती.

अशात एके दिवशी पिपरी मेघेचे नरहर सर गॅरेजात आले. निवृत्त शिक्षक, वरोऱ्याला लेकीच्या नव्या घराच्या वास्तूला निघालेले. जाम यायच्या आधीच गाडी तापली होती. इंजिनाभोवती पाणी फिरवणारा वॉटर पंप गळत होता, तो बदलल्याशिवाय गाडी हलणार नव्हती. कैलासनं नवा पंप मागवला, जुना उतरवायला वडिलांना सांगितलं आणि स्वतः दुसऱ्या गाडीखाली शिरला. खोलण्यात बाबा काय बिघडवणार, असा त्याचा हिशोब होता.

रूपरावांनी जुन्या पंपाचे बोल्ट एकेक करून काढले. अलगद निघाले. आटे कसे कोरे, चकचकीत. ज्यानं कोणी हे बसवले त्याचा हात चांगला, हे त्यांनी मनातल्या मनात मान्यही केलं.

नवा पंप आला. कैलासनं तो जागेवर धरून सगळे बोल्ट बोटांनी फिरवून लावले. "मी कूलंट घेऊन येतो," तो म्हणाला. "तवरोक आवळू नोका, बाबा. टॉर्क पान्यानं मी लावतो." तो रस्ता ओलांडून गेला. नरहर सर चहाच्या टपरीवर होते. आता त्या बोल्टांसमोर रूपराव एकटेच राहिले.

हात शिवशिवायला लागले. नुसते टेकवून ठेवू, असं स्वतःला बजावत त्यांनी साधा पाना घेतला. वरचे बोल्ट छान टेकले. खालचाही टेकला. मग सवयीनं श्वास रोखला गेला आणि हातानं तो जास्तीचा पीळ देऊन टाकला. पाना एकदम हलका झाला. बोल्ट नुसताच गोल गोल फिरू लागला.

रूपरावांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं. त्यांनी पाना जागच्या जागी ठेवला, हात पुसले आणि लांबच्या स्टुलावर जाऊन बसले.

कैलास आला, त्यानं टॉर्क पाना लावला आणि बोल्ट फिरतच राहिला. पाना जागेवर, बाबा स्टुलावर. बाबांचा संशय यायचं काही कारण नव्हतं. शिवाय आधीच्या मेकॅनिकला चार शब्द सुनावल्याशिवाय या धंद्यात कोणाच्याच कामाला सुरुवात होत नाही.

"सर, याच्या पयले पंप कोनं खोलला होता?" त्यानं विचारलं.

"अश्विननं," नरहर सर टपरीवरून येत म्हणाले. "सिंदी मेघेत नवीनच दुकान टाकलंय. मागच्या वर्षी त्यानंच खोलला होता. का बरं?"

"त्यानं आटे खाऊन ठेवले ना, सर. हा बोल्ट पाहा, पकडतच नाई."

सुटलो, असं रूपरावांना वाटलं. खोटं बोलायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं.

पण नरहर सर पडले मास्तर. चूक कोणाची ते कळल्यावर त्याला उभं केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी तिथूनच अश्विनला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकर सुरू केला.

"म्या टॉर्क पान्यानंच लावले होते, सर," पलीकडून अश्विनचा आवाज आला. "आटे चांगले होते जी तवा."

"मग आपोआप गेले का? हे बघ, मी आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर टाकतो सगळं. लोकांना कळू दे."

"तसं नोका करू, सर." अश्विनचा आवाज बारीक झाला. "आत्ता कुठं लोकं येऊन राह्यले. तुमच्या कॉलनीवरच दुकान चालते माह्यं."

रूपरावांना ते कोरे, चकचकीत आटे आठवले. त्या माणसाला त्यांनी पाहिलंही नव्हतं, पण त्याची भीती त्यांना पुरती ओळखीची होती. हातातलं काम जायची भीती. आपली भीती आपण त्याच्या गळ्यात बांधतो आहोत, हे कळलं आणि त्यांना स्वतःची लाज वाटली.

ते गुडघा धरून उठले. "सर, फोन इकडे करा," ते म्हणाले आणि फोनकडे वाकून बोलू लागले. "अश्विन, मी जामच्या गॅरेजवाल्या कैलासचा बाबा बोलून राह्यलो. तुह्ये आटे चांगले होते. बोल्ट म्याच काढले आज, डोयानं पाह्यले. आता लावताना म्याच जास्त पिळला."

मग "बरं जी, काका," असं म्हणून अश्विननं फोन ठेवला. नरहर सर खाकरले आणि चहा सांगायच्या निमित्तानं पुन्हा टपरीकडे गेले.

"सांगतलं होतं ना तुमाले," कैलास म्हणाला.

"हो."

"मंग काऊन?"

"हात थांबला नाई."

कैलासनं पंप पुन्हा उतरवला. आतले मेलेले आटे ड्रिलनं साफ केले, भोक जरासं मोठं केलं. चुरा आत पडू नये म्हणून ड्रिलला ग्रीस लावलं होतं. मग टॅपनं नवे आटे पाडायला घेतले, अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. हवा मारून भोक स्वच्छ केलं आणि त्यात पोलादी तारेची गुंडाळी फिरवत बसवली. आता बोल्ट नरम अॅल्युमिनियमला नाही, त्या पोलादाला पकडणार होता.

रूपराव न सांगता बॅटरीचा उजेड धरून उभे होते. हे आपलं शेवटचं काम, उद्यापासून घर, हे त्यांनी धरूनच चाललं होतं. तिथल्या तेलाच्या वासासकट सगळं सोडून जायचं म्हटल्यावर त्यांना रडू येत होतं.

गळती रोखणारं नवं गॅस्केट लागलं, पंप बसला, बोल्ट बोटांनी फिरवून झाले. कैलासनं टॉर्क पान्यावर आकडा लावला आणि पाना वडिलांपुढे धरला.

"घ्या."

"तूच लाव," रूपराव म्हणाले. "माह्या हातावर आता माहाच भरोसा नाई."

"म्हनूनच देऊन राह्यलो."

रूपरावांनी बॅटरी त्याच्याकडे दिली आणि पाना घेतला. वरचे बोल्ट एकेक करून टक् वाजले. शेवटी तो खालचा राहिला. त्यांनी हळूहळू जोर लावला. श्वास आपोआप रोखला गेला. पाना टक् वाजला. हाताला अजून थोडं हवं होतं, विहिरीवरच्या सगळ्या वर्षांना हवं होतं. रूपरावांनी श्वास सोडला आणि पाना काढून घेतला.

कूलंट भरून गाडी बराच वेळ सुरू ठेवली. पंपाखाली पसरलेला कागद कोरडाच राहिला. नरहर सर दोघांचाही निरोप घेऊन वरोऱ्याच्या रस्त्याला लागले.

रूपरावांनी टॉर्क पाना पुसून खिळ्याला टांगला आणि आपली पिशवी उचलली. उद्याचं विचारायचा त्यांना धीर होत नव्हता.

"बाबा, उद्या लवकर आंघोय करजा," कैलास हात धुता धुता म्हणाला. "सकाऊन सकाऊन एक गाडी येनार हाये."