बुधवारची तारीख

आमची कॉलेजची फुटबॉल टीम दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी यायची. त्याचं कुणाला वाईट वाटत नसे, उलट सगळ्यांचे बेत त्यावरच ठरायचे. बसवाला पुढच्या शनिवारचं दुसरं भाडं घेऊन ठेवायचा. कर्णधार बहिणीकडे जायचं तिकीट काढायचा. मी गोलकीपर, सगळं कॉलेज मला 'चाळणी' म्हणायचं. टीमला शिकवणाऱ्या आमच्या सरांनीही त्याच अंदाजाने पोटातल्या गाठीच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती. शनिवारी सामना, बुधवारी ऑपरेशन.

आणि आम्ही जिंकलो. समोरच्यांच्याच एकाच्या गुडघ्याला लागून चेंडू त्यांच्या जाळ्यात गेला. आंधळ्याच्या गायी देव राखतो म्हणतात, त्यातला प्रकार. सरांनी दवाखान्यात फोन करून तारीख आठवडाभर पुढे ढकलली.

"पुढच्या शनिवारी मार खाणारच आहोत," ते हसत म्हणाले.

पुढच्या शनिवारीही जिंकलो. त्याच्या पुढच्याही. दर वेळी तारीख आणखी एक आठवडा पुढे गेली. पोरांना चेव चढला. उभ्याने ओरडणारे सर आता मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसू लागले. त्यांच्या पट्ट्याला नवीन भोकं पाडावी लागली. आम्हाला दिसत नव्हतं असं नाही, पण जिंकायची चटक लागली होती. खोटं कशाला बोलू?

उपांत्य सामन्याच्या आदल्या दिवशी काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, मला घरी बोलावलं. तीन वर्षं मी त्यांच्या हातचं जेवत होतो. त्या ओट्याशी भांडी पुसत होत्या.

"डॉक्टर म्हणालेत, हा बुधवार चुकला तर काही खरं नाही," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगून माझं तोंड दुखलं. 'मी नसलो तर पोरं ढेपाळतील,' म्हणतात. तू एक गोल सोड."

"काकू, अहो, टीम..."

"टीम पुढच्या वर्षीही असेल. एकच सोड रे. तुला कोण विचारणार आहे? चाळणीच ना तू?"

मी हो म्हणालो. अगदी मनापासून म्हणालो.

सामना संपायला दोन मिनिटं होती, दोन्ही बाजूंना शून्य. त्यांना पेनल्टी मिळाली. मारणारा नेहमी माझ्या डाव्या हाताला मारतो, हे सरांनी आठवडाभर माझ्याकडून घोकून घेतलं होतं. मी उजवीकडे झेप घ्यायची ठरवली. म्हटलं, सुटलो, काकूंचं काम फारच सोपं झालं. कडेला सर पोट दाबून उभे राहिले होते.

शिट्टी झाली आणि मी डावीकडे गेलो. चेंडू अडला. पाठोपाठ आमच्या पोरांनी पलीकडे गोल केला. हात आपोआप गेले, असं मी पुढे सगळ्यांना सांगत आलो. ते साफ खोटं आहे. त्या क्षणी मला चाळणी व्हायचं नव्हतं, एवढंच.

पुढच्या शनिवारी आम्ही कप जिंकला. सरांना खांद्यावर घेतलं तेव्हा आम्ही दोघांनीच उचललं, तिसऱ्याची गरज लागली नाही. त्यानंतरच्या बुधवारी डॉक्टरांनी पोट उघडलं, पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. सर त्यानंतर सहा आठवडे जगले.

कॉलेजने कप काचेच्या कपाटात ठेवला. मला आता सगळे 'भिंत' म्हणतात. परवा टीमचा मोठा फोटो काकूंना द्यायला गेलो. मध्ये खुर्चीत सर, हातात कप, आणि सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा. काकूंनी तो बराच वेळ पाहिला आणि पालथा घालून ओट्यावर ठेवला.

"एकच मागितला होता रे," त्या म्हणाल्या, आणि नेहमीसारखं मला जेवायला वाढलं.