बँकेच्या भिंतीची दाढी

मोहगावचा मोतीराम सोमकुवर भिंतीला कान लावायचा आणि आत किती बादल्या पाणी दडून बसलंय ते सांगायचा. एकदा तर त्याला भिंतीतून बेडूक ओरडताना ऐकू आला. गवंड्याने फोडून पाहिलं, तर बेडूक निघालाच, शिवाय त्याची बायको आणि चार पोरंही निघाली. ज्याला हे खोटं वाटत असेल त्याने मोहगावात जाऊन विचारावं. बेडूक आता नसतील, पण भिंत आहे.

असा कानाचा माणूस एकदाच कानाचं ऐकायला चुकला. सौंसरच्या एका कापडवाल्याला दिवाळीचा मुहूर्त गाठायचा होता. प्लास्टर ओलं होतं. मोतीरामला ते कळत होतं. पण मालक मागे उभा राहून "लाव ना बे, लाव" म्हणत राहिला आणि याने लावला ऑइल पेंट. लक्ष्मीपूजनाला भिंतीचा रंग उडदाच्या पापडासारखा फुगला आणि आरती चालू असताना बरोबर पेढ्यांच्या ताटात उतरला. भटजींनी त्यातला एक तुकडा प्रसाद म्हणून खाल्लासुद्धा. तेव्हापासून सौंसर ते पांढुर्णा मोतीरामचं नाव पडलं पापड्या पेंटर. तीन वर्षं त्याला कोणी भिंत दिली नाही. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायची, एवढाच धंदा उरला. बैल तेवढे त्याला पापड्या म्हणत नसत.

आणि पंच्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर, एका बुधवारी, पांढुर्ण्याच्या भगवंतरावांचं बोलावणं आलं.

भगवंतरावांनी कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या अगदी समोर दुमजली इमारत उठवली होती. खालचा मोठा हॉल बँकेला द्यायचा ठरला होता. सोमवारी सकाळी बँकेचे मॅनेजर हॉल बघायला येणार, आणि पसंत पडला नाही तर बँक दुसऱ्याच्या इमारतीत जाणार. काम होतं नागपूरच्या प्रभाकरबाबू ठेकेदाराकडे. या बाबूंनी फरशी बसायच्या आधी दारं बसवली होती, त्यामुळे एकेक दार उघडायला दोन माणसं आणि एक शिवी लागे. पण ते काहीच नव्हतं. खरी गंमत रंगात झाली. भर जिनिंगच्या हंगामात, खिडक्या सताड उघड्या ठेवून त्यांच्या पेंटरांनी ऑइल पेंट लावला. समोरून कापसाची पीस, म्हणजे बारीक तंतूंची भुरभुर, उडत आली, ओल्या रंगावर बसली, आणि संध्याकाळपर्यंत भिंतींना बोटभर पांढरी दाढी आली.

खरवडून पुन्हा रंगवलं. पुन्हा दाढी. तिसऱ्या वेळी सगळं गाव बघायला लोटलं. एका म्हातारीने भिंतीची पीस ओढून वर्षभराच्या वाती वळून नेल्या. न्हावी दारात वस्तरा घेऊन उभा राहिला, "भगवंतराव, नुसती दाढी करू का कटिंग पण?"

नागपूरचे पेंटर त्याच दुपारच्या गाडीने पळाले. गावातला एकही पेंटर हात लावेना. मग उरला कोण?

"अरे मोतीराम, इज्जतीचा सवाल आहे," भगवंतराव म्हणाले.

"कोनाच्या जी? तुमच्या का माह्या?"

"दोघांच्याही समज."

मोतीरामने होकाराची मान हलवली, पण जपून. ही भिंत बिघडली तर पोळ्याला बैलसुद्धा शिंग देणार नाहीत, हे त्याला ठाऊक होतं. सोबत बायको शकुबाई होती. भेगा-खड्ड्यांत लांबी भरण्यात आणि भिंत घासण्यात तिचा हात त्याच्यापेक्षा सरस, आणि तोंड तर कितीतरी. ती म्हणाली, "आवो, बसले काय? लावा कान."

मोतीराम चारही भिंतींवर बोटांनी ठोकत, कान लावत फिरला. तीन भिंती टणक बोलल्या. चौथी, संडासाकडची, गप्प राहिली.

"हे भिंत घामेजून राहिली," तो म्हणाला. "मांगं नळाचा जोड गळते. हिले पेंट नाई लावाचा."

टेरिलीनचा सफारी घातलेले प्रभाकरबाबू हसले. "पापड्या, तू मला शिकवतोस? दोन हात मार आणि मोकळा हो. सोमवारपुरतं चकाचक दिसलं म्हणजे झालं."

"सौंसरात मी असाच मोकळा झालो होतो जी."

त्याने भिंतीवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लास्टिकच्या आतून थेंब ओघळत होते. मागचा नळ उकरून पाहिला तर जोडात खरंच गळती. ती बुजवली, पण प्यालेलं पाणी भिंत चार दिवसांत थोडीच ओकणार?

"तिला चुना मारतो," मोतीराम म्हणाला. "चुन्यातून भिंत श्वास घेते. पेंट उन्हाळ्यात."

भगवंतरावांनी डोक्याला हात लावला. "तीन भिंती चमकतील आणि चौथी गोठ्यासारखी? मॅनेजर पळेल रे! मार ना दोन हात."

तोच आवाज. तीच घाई. मोतीरामचा ब्रश क्षणभर डब्यावर थबकला. मग त्याने डब्याचं झाकणच लावून टाकलं. "मालक, चुना मारू देत असान तर राह्यतो. नाई तर मोहगावची मोटर उभी हाये."

भगवंतरावांनी चुन्याची गोणी मागवली. राहता राहिली दाढी.

रविवारी जिनिंगला सुट्टी. म्हणजे तीन भिंतींचा शेवटचा हात एका दिवसात उरकायचा आणि सोमवारचा भोंगा वाजायच्या आत तो वाळायचा. पण शकुबाई म्हणाली, "जिनिंग बंद झाली म्हनून पीस थोडीच गावाले गेली? ते खिडकीत बसून हाये, तुमच्या केसात बसून हाये." तिने सगळ्या खिडक्यांना ओली पोती टांगली, फरशीवर पाणी शिंपडलं आणि स्वतः दारात नाकेदारासारखी बसली. आंघोळ करून, ओल्या केसांनी येईल तोच आत. भगवंतरावांनाही तिने तांब्याभर पाणी ओतून मग सोडलं.

तेवढ्यात प्रभाकरबाबू आले. टेरिलीनला पीस अशी धावत येते की साखरेला मुंगीसुद्धा तशी येत नाही. रस्ता ओलांडेपर्यंत बाबूंचा मेंढा झाला होता. गल्लीतलं कुत्रं त्यांना हाकत घेऊन आलं म्हणतात.

"थांबा जी!" शकुबाई ओरडली. "सफारी भाईर."

"मी ठेकेदार आहे!"

"म्हनून तर बनियनवर सोडून राहिली. नाई तर लोकर कातरून सोडली असती."

बाबू बनियनवर आत आले आणि दिवसभर मुकाट डबे ढवळत बसले.

दुपारी चारला मोतीरामने शेवटचा हात फिरवला. दार लावून घेतलं आणि उघडू नये म्हणून शकुबाई आडवी बसली. दार तसंही उघडत नव्हतंच.

सोमवारी जिनिंगचा भोंगा आणि मॅनेजरची जीप एकदमच आली. रस्त्यावर पीस भुरभुरत होती. मागून निम्मं पांढुर्णा आलं. दार जोर लावून उघडलं. आत भिंती अशा चमकत होत्या की एक चिमणी आपल्याच प्रतिबिंबाशी भांडायला धावली आणि हरून परत आली. मॅनेजरनी खिशातला पांढरा रुमाल काढून भिंतीवरून फिरवला. रुमाल तसाच पांढरा. त्यांनी भिंतीत बघून हळूच भांगही सारखा केला.

मग त्यांचं बोट चौथ्या भिंतीकडे गेलं. "आणि ही अशी का?"

प्रभाकरबाबू म्हणाले, "साहेब, ती पेंटरची चूक..."

"चूक नाई जी," मोतीराम पुढे आला. त्याने कालच लावून ठेवलेला प्लास्टिकचा तुकडा सोलून त्यांच्या हातावर ठेवला. आत चार-सहा थेंब अजून होते. "अजून ओल हाये. चैतापर्यंत वाळंन, मंग मी सोता येऊन रंगवीन. आज लावला असता तर तुमी आज खूश झाले असते आन पावसाळ्यात मले शिव्या देल्या असत्या."

मॅनेजरनी एक थेंब बोटावर घेऊन पाहिला. "आमच्या जुन्या ऑफिसात छताचा रंग रोज माझ्या चहात पडतो," ते म्हणाले. "बारा वर्षांत एकाही पेंटरने थांबा म्हटलं नाही. भगवंतराव, हॉल पसंत. आणि बोर्डही हाच माणूस लिहील. नाव काय याचं?"

मागून दोघा-तिघांच्या तोंडात "पापड्या" येऊन अडकलं. सगळ्यांच्या आधी न्हावीच ओरडला, "मोतीराम पेंटर, साहेब! मोहगावचे!"

तो आवाज सौंसरपर्यंत गेला असावा, कारण आठवड्याच्या आत त्या कापडवाल्याचा निरोप आला, दुकान रंगवायचं आहे, लवकर या. मोतीरामने उलट निरोप धाडला, "आधी कान लावीन, मंग ब्रश. घाई असंन तर नागपूरले बाबू हायेत."

बँकेचा बोर्ड लिहून झाला तसं त्याने खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं, 'मोतीराम, मोहगाव'. शकुबाई खालून शिडी धरून होती. शिडी जरा हलली.

"आवो, दाढी कोनं रोखली?"

मोतीरामने वरच्या वर ब्रश पुन्हा बुडवला आणि नावाच्या आधी जागा करून लिहिलं, 'शकु'.