चतुराबाईच्या म्हशीचा बाण

मारुतीच्या पारासमोर म्हशींची रांग लागली होती. कपाळाला कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, आणि आपण कसल्या परीक्षेला बसलोय याची एकीलाही फिकीर नाही.

"ज्याच्या नावाचा बाण जळत जाईल, ते जनावर लक्ष्मी!" हातातलं धनुष्य उंचावून अग्निबाण महाराज गरजले. "ज्याचा विझंल, ते घर बुडवणार!"

घर बुडवणारं जनावर त्यांचा शिष्य बजरंग मोठ्या मनाने, पडेल भावात, आपल्या टेम्पोत चढवून घ्यायचा. गावातल्या पंडितने तर आपल्या मोटरसायकलचाही बाण सोडवून घेतला. ती लक्ष्मी निघाली.

चतुराबाईच्या म्हशीची पाळी आली. बाणाच्या टोकाचा रॉकेलचा बोळा पेटला, महाराजांनी दोरी ओढली, बाण सुटला, निम्म्या वाटेत विझला आणि पार लांबच्या बाभळीपाशी पडला.

"बघा, पाप कसं लांब पळायलंय!"

चतुराबाईने म्हशीच्या गळ्याला मिठी मारली. "महाराज, हिच्या दुधावर आमची चूल पेटती हो!"

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या निवेदिताबाई सकाळपासून बघत होत्या. विझलेले बाण सगळे बाभळीपाशी, जळते सगळे अलीकडे हापशाजवळ. पाप लांब पळतं म्हणावं, तर पुण्य एवढं आळशी कसं? मग त्यांची नजर महाराजांच्या कोपरावर गेली: ते कधी पार मागं जायचं, कधी अर्ध्यातच थांबायचं.

"महाराज, एक बाण तुमच्या नावाने होऊ द्या."

"माझी परीक्षा घ्यायलीस?"

"म्हशीची चालती, अन् तुमची न्हाई?" मागच्या आठवड्यात अशाच विझलेल्या बाणापायी बैल गमावलेले आश्रुबा उठले आणि त्यांनी धनुष्यच काढून घेतलं.

"आबा, दोरी कानापर्यंत ओढा," बाई म्हणाल्या.

बाण विझला. बाभळीपाशी पडला.

मग मागून कुणीतरी विचारलं, "आता म्हाराजाला कोणत्या बाजारात इकायचं?"

"आता म्हशीच्या नावाने," बाई आश्रुबांना म्हणाल्या. "दोरी अर्धीच ओढा."

बाण जळत गेला आणि हापशाजवळ पडला.

"जास्त ओढलं की बाण जोरात जातो, समोरची हवा जाळ विझवते," बाई म्हणाल्या. "कमी ओढलं की जाळ टिकतो. पण जोरच कमी, त्यात चिंधीच्या बोळ्याला हवा अडवते, मग हळू सुटलेला बाण हापशापुढं जातच नाही."

बजरंग टेम्पोकडे सरकत होता. आश्रुबांनी त्याच्या हातातली टेम्पोची किल्ली काढून घेतली. "आधी माझा बैल कुठं हाय, ते सांग!"

तेवढ्यात पंडितने म्हशीपुढे नारळ फोडला. "म्हैसमाता की जय!"

निवेदिताबाईंनी कपाळाला हात लावला. "अरे, नारळ नको, तिला सरकी घाला! जनावराचा गुण दुधाच्या चरवीत दिसतो, आभाळात नाही. उद्या कुणी असला चमत्कार घेऊन आला, तर आभाळाकडे मागाहून बघा. आधी त्याच्या हाताकडे बघा."

चतुराबाईने दावं सोडलं आणि म्हैस घराकडे वळवली. धारेची वेळ झाली होती.