पुलाची टोकं

ठिणगीने पूल दोन टेबलांच्या मधल्या फटीवर ठेवला आणि पूल सरळ खाली गेला. मोडला नाही, तडकला नाही, फटीतून आरपार! तिने हवेतच झेलला म्हणून बरं, नाहीतर महिनाभराची मेहनत फरशीवर.

अख्खी लॅब खिदळली.

"पूल आहे की पाणबुडी?" तुरा ओरडला. त्याचे केस कोंबड्यासारखे उभे असायचे म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

ठिणगीला हे हसणं परवडणारं नव्हतं. विद्यापीठातलं दुसरं वर्ष, आणि हा विषय तिचा एकदा गेलेला. आईस्क्रीमच्या काड्या, गोंद आणि दोरा, एवढ्यातच पूल बांधायचा. आज परीक्षेत त्याला मधोमध बादली टांगायची, सर तिच्यात वाळू ओतणार. अर्धी बादली पेलली तर पास. पूल जितका हलका तितके मार्क जास्त. गेल्या वर्षी जोडीदाराशी भांडून तिने पूल भिंतीवर आपटला होता आणि तरातरा निघून गेली होती. आता पुन्हा नापास झाली तर वर्ष गेलंच. दादाने तर सांगूनच ठेवलं होतं, "या खेपेला गचकलीस तर ये माझ्या गॅरेजमध्ये, नटबोल्ट पुसायला."

तिने जोडीदाराकडे पाहिलं. तो मौनीबाबा. महिनाभरात दहा वाक्यं बोलला असेल.

"सकाळी मी टोकं कापली," तो पुटपुटला. "दोन्हीकडची. हलका व्हावा म्हणून."

म्हणजे टेबलावर टेकायला काही उरलंच नव्हतं! पठ्ठ्याने सगळं गणित चोख केलं, फक्त पूल कशावर तरी टेकावा लागतो एवढंच विसरला.

ठिणगीची कानशिलं तापली. जिभेवर अशी एक शिवी आली की सरांचा चष्मा पडला असता. पण तिचं लक्ष त्याच्या हातांकडे गेलं. तो बॅगेची चेन लावत होता, उघडत होता, पुन्हा लावत होता. निघायच्या बेतात होता. आणि 'हलका कर, अजून हलका कर' म्हणून महिनाभर त्याच्या डोक्यावर बसलं होतं कोण? हीच की!

तिने शिवी गिळली. घशात टोचली, पण गिळली.

"ए, बॅग ठेव खाली. रडायचंच असेल तर नंतर दोघं मिळून रडू. आत्ता सांग, टोकं परत लावता येतील?"

तो दचकला. "गोंद वाळणार नाही. पण दोऱ्याने करकचून बांधली तर... काड्याच उरल्या नाहीत पण."

काड्या होत्या. तुऱ्याच्या टेबलावर, त्याच्या मघाशीच परीक्षेत मोडलेल्या पुलाचा ढीग. पण सकाळीच त्याचा धक्का लागला म्हणून ठिणगीने त्याला सगळ्यांसमोर 'बिनडोक कोंबडा' म्हटलं होतं.

ती गेली. "काड्या पाहिजेत."

"बिनडोक कोंबड्याकडून?"

"चुकलं माझं. सकाळी जास्तच बोलले."

तुऱ्याला भांडायचं होतं. आता भांडणार कशावरून? "त्या नको घेऊस, तडकल्यात," तो म्हणाला. "ह्या घे. थांब, मीच येतो धरायला."

"सर, जुन्या काड्या चालतील?" ठिणगीने विचारलं.

"नव्याच पाहिजेत असा नियम नाही. शेवटचा नंबर तुमचा. पण मी थांबणार नाही हं!"

मग जी धांदल उडाली! मौनीबाबा दोरा आवळत होता आणि चक्क ओरडत होता, "इथे दाब! अगं तिथे नाही, इथे!" एरवी कुणी असा हुकूम सोडला असता तर ठिणगीने त्याला फाडून खाल्लं असतं. आज मुकाट दाबत होती. तुरा दाताने दोरा तोडत होता.

पूल ठेवला. टेकला!

वाळू पडू लागली. कर्रर्र. सगळे पुढे सरकले, मागचे स्टुलांवर चढले. पाव बादली. पूल मधे वाकला. ठिणगीने तुऱ्याचं मनगट इतकं आवळलं की तो कळवळला. वाळू बादलीच्या अर्ध्यावरच्या लाल रेघेला लागली, रेघ बुडाली.

"पास!" सर म्हणाले. "थांबवू? पूल धड राहील, घरी नेता येईल. की ओतू अजून?"

ठिणगीच्या तोंडून 'थांबवा' निघणारच होतं. दादाच्या नाकासमोर धरायचा होता तिला तो पूल! पण तिने शेजारी पाहिलं. मौनीबाबाचे डोळे नुसते लकाकत होते.

"बोल ना. तुझा पण आहे."

"ओता!" तो असा गरजला की बाजूच्या वर्गातून कुणीतरी डोकावलं.

सर ओतत राहिले. पाऊण बादली. वाळू काठाशी आली. पोरं टेबलं बडवायला लागली. आणि कडाड्! बादली आपटली, वाळू सगळ्यांच्या बुटांत.

"टोकं बघ! टोकं!" मौनीबाबा नाचत होता. पूल मधोमध मोडला होता, दोऱ्याने बांधलेल्या टोकांची एकही काडी हलली नव्हती. "पुढच्या वेळी मधला भाग दुहेरी करू—"

"अरे येड्या, पुढची वेळ कसली? पास झालो आपण!"

"हो, पण करून तर बघू!"

ठिणगीने केसांतली वाळू झटकली आणि तुऱ्याकडे हात पसरला. "आण रे तुझ्या उरलेल्या काड्या."